ग्रीक चित्रभांडं कुठल्या प्रदेशाचं, हे ओळखायचं कसं: पायऱ्या आणि हमखास होणाऱ्या चुका

फोटो येतो आणि त्याखाली एक ओळ असते: ‘हेराक्लीस सिंहाशी झुंजतोय, म्हणजे अथेन्सचंच ना?’ बहुतेक वेळा उत्तर बरोबरही निघतं, कारण संग्रहालयांत अथेन्सची भांडी भरपूर असतात. पण दिलेलं कारण चुकीचं असतं. हा ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस कॉरिंथमध्ये रंगवला गेला, स्पार्टात रंगवला गेला, इटलीतल्या ग्रीक वसाहतींमध्येही रंगवला गेला. गोष्टी सगळ्या ग्रीकांच्या होत्या. माती मात्र ज्या-त्या गावची. म्हणून माझा आग्रह एकच आहे: माती आधी बघा, गोष्ट सगळ्यात शेवटी.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी चित्र बघितलं की मनात एक उत्तर बसतं, आणि मग मातीचा रंगही त्या उत्तराला जुळेल असाच दिसायला लागतो.

## तयारी

एका फोटोवरून ओळख होत नाही. समोरून, मागून, अगदी कडेने (म्हणजे बाह्यरेषा स्पष्ट दिसेल असा), कानाजवळून आणि जिथे टवका उडालाय तिथून, असे पाच तरी फोटो लागतात. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर एकाच भांड्याचे अनेक कोनांतून काढलेले फोटो असतात, ते आधी शोधा. स्वतः काढत असाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि शेजारची माहितीची पांढरी पाटी चौकटीत येऊ द्या. एका संग्रहालयात पिवळ्या दिव्याखाली बघून मी एका कुपीची माती ‘नारिंगी’ म्हणून वहीत लिहिली होती. घरी फोटो उघडला तर पांढरी पाटीसुद्धा नारिंगी दिसत होती. पाटीचा रंग पांढऱ्यावर आणला तेव्हा माती फिकट पिवळी निघाली आणि माझा प्रदेशच बदलला.

भांड्याच्या भागांना आपल्याकडे चांगले शब्द आहेत, तेच वापरा: काठ, गळा, खांदा, पोट, बूड, बैठक आणि कान.

उंचीचा आकडाही लिहून घ्या. ब्रिटिश म्युझियममधली ‘मॅकमिलन’ कुपी जेमतेम 6.8 सेंटिमीटरची आहे, तर अथेन्सजवळच्या एलेउसिस इथला मोठा घडा तब्बल 1.42 मीटरचा. फोटोत दोन्ही सारखेच दिसू शकतात.

तपासा: इ.स.पू. सहावं शतक म्हणजे 600 ते 501. आकडे उतरत जातात. इथे घसरलात तर शेवटची पायरी पूर्ण उलटी पडते.

## पायरी 1: पाटी वाचा, पण दोन रकाने करा

वहीत दोन रकाने आखा: ‘सापडलं’ आणि ‘घडलं’. पाटीवरचं ठिकाण पहिल्यात जातं. दुसरा रकाना शेवटच्या पायरीपर्यंत कोराच ठेवायचा.

ही चूक फार जुनी आहे आणि विद्वानांनीही केलेली आहे. एत्रुरियातल्या, म्हणजे मध्य इटलीतल्या थडग्यांमध्ये ग्रीक भांडी इतकी सापडली की अठराव्या शतकात सगळ्यांनाच ‘एत्रुस्कन’ म्हणत. प्रसिद्ध इंग्रज कुंभार वेजवुड यांनी 1769 साली आपल्या इंग्लंडमधल्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ हे नाव दिलं ते त्याच समजुतीतून. ऱ्होड्स बेटावर सापडलेली रानबोकडांच्या चित्रांची भांडी बराच काळ ‘ऱ्होड्सची’ मानली गेली. त्यांचं एक मोठं केंद्र मिलेटस हे शहर होतं. इजिप्तमधल्या नाउक्रातिसला सापडलेल्या पांढऱ्या पेल्यांना तिथलंच नाव मिळालं होतं. ते किऑस बेटावरचे निघाले.

सावधान: पाटीवर ‘अमुक ठिकाणची असल्याचे सांगतात’ असं असेल तर तो विक्रेत्याने दिलेला शब्द असू शकतो. पहिल्या रकान्यातही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

## पायरी 2: माती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी अर्धा वेळ इथेच घालवतो.

कॉरिंथची माती फिकट असते: साईच्या रंगापासून पिवळटपर्यंत, कधी किंचित हिरवट झाक. मुलतानी मातीचा सुका गोळा डोळ्यासमोर आणा. अथेन्सच्या, म्हणजे अ‍ॅटिका प्रदेशाच्या मातीत लोह भरपूर, म्हणून ती भाजल्यावर मंगलोरी कौलासारखी तांबूस-नारिंगी होते. या दोघांत फरक करता आला की निम्मं काम झालं.

पुढचे फरक बारीक आहेत. लॅकोनियाची, म्हणजे स्पार्टाच्या परिसरातली माती गुलाबीसर तपकिरी. पण चित्राखाली साईच्या रंगाचा लेप असल्याने ती एकदम दिसत नाही. किऑसच्या भांड्यांवर तर चुन्यासारखा पांढरा जाड लेप असतो. मिलेटस आणि आसपासची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची माती तपकिरी-तांबूस, आणि तिच्यात अभ्रकाचे कण चमकतात. बोइओशियाची, म्हणजे अ‍ॅटिकाच्या शेजारच्या प्रदेशाची माती अ‍ॅटिक मातीसारखीच पण मंद, जणू तिच्यात थोडी राख मिसळली आहे. दक्षिण इटलीत अपुलियाची माती अ‍ॅटिकपेक्षा फिकट नारिंगी, आणि कॅम्पानियाची त्याहून फिकट, पिवळट तपकिरी.

माती कुठे बघायची? पोटावर नाही. बैठकीची जमिनीला टेकणारी कड, काठाचा टवका, कानाची आतली बाजू आणि जोडकामात उघडी राहिलेली फट, या जागा बघा.

सावधान, इथेच सगळ्यात जास्त जण फसतात: वरची उघडी जागा म्हणजे खरी माती असं धरू नका. अथेन्सचे कुंभार रंग गडद दिसावा म्हणून लाल मातीचा पातळ हात देत. कॅम्पानियात फिकट मातीवर गुलाबी-लाल हात देण्याची रीत होती, आणि त्यामुळे ती भांडी अ‍ॅटिक वाटतात. कॉरिंथनेही इ.स.पू. 570 नंतर अथेन्सशी स्पर्धा करताना आपल्या पिवळ्या भांड्यांवर नारिंगी लेप चढवला. वरून कौल आणि टवक्यात मुलतानी माती दिसली, तर टवक्यावर विश्वास ठेवा.

## पायरी 3: काळा ओप आणि रेघ

हा काळा म्हणजे वरून चढवलेला रंग नव्हे. तो अतिशय गाळलेल्या मातीचाच पातळ ओप. भट्टीत आधी हवा, मग हवा कोंडून धूर, मग पुन्हा हवा, अशा तीन टप्प्यांत भांडं भाजलं की मूळ माती लाल होते आणि ओप काळा राहतो. अथेन्सला हे सगळ्यात चांगलं साधलं होतं: गडद, खोल चमक. कॉरिंथचा ओप तपकिरीकडे झुकतो आणि पुष्कळदा पोपडे धरून निघतो. दक्षिण इटलीत चमक बहुधा कमी.

मग रेघ बघा. काळ्या आकृतीतल्या बारीक रेघा, म्हणजे दाढी, बरगड्या, पिसं, ओप खरवडून काढल्या आहेत की ओप लावतानाच जागा सोडून ठेवली आहे? खरवडलेली रेघ केसासारखी बारीक आणि धारदार असते. सोडलेली रेघ जरा रुंद, आणि तिच्या कडा मऊ. कॉरिंथ, अथेन्स, लॅकोनिया इथे खरवडतात. मिलेटसची सुरुवातीची रानबोकड-शैली आणि नंतरची ‘फिकेलुरा’ शैली जागा सोडतात. फोटो मोठा करून एकच शिंग किंवा एकच डोळा बघितला तरी हे कळतं.

लाल-आकृती पद्धतीत, म्हणजे पार्श्वभूमी काळी आणि माणसं मातीच्या रंगाची असतात तेव्हा, अथेन्सचे चित्रकार काही रेघा घट्ट ओपाने काढत. त्या दोऱ्यासारख्या उठून येतात, तिरप्या प्रकाशात त्यांची सावली पडते. दक्षिण इटलीत अशी उठावाची रेघ खूप कमी वापरली जाते.

नेहमीची चूक: ‘काळी-आकृती म्हणजे कॉरिंथ, लाल-आकृती म्हणजे अथेन्स.’ (काळी-आकृती म्हणजे मातीच्या रंगावर काळी माणसं.) या पद्धतींची सुरुवात तिथे झाली हे खरं, पण पद्धत प्रवास करते. कॉरिंथमध्येही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात थोडी लाल-आकृतीची भांडी झाली, आणि ती फिकट मातीवरून पकडता येतात.

## पायरी 4: घडण

आता कडेने काढलेला फोटो घ्या. चित्र हाताने झाका. मी हे खरंच करायला सांगतो. स्क्रीनवर कागद ठेवा.

सुगंधी तेलाची गोल किंवा पडवळासारखी लांबट छोटी कुपी दिसली तर पहिला अंदाज कॉरिंथ. पातळ कडांचा दोन कानांचा पेला आणि बुडाशी वर जाणारे किरण असतील तरीही तेच. उंच दांड्याची, पसरट पिण्याची वाटी आणि आत गोल चौकटीत चित्र असेल तर लॅकोनिया तपासा. सरळ उभ्या भिंतींचा उंच पेला, बाहेर पांढरा, आत गडद काळ्यावर पांढरी-लाल फुलं: किऑस. पांढऱ्या लेपावर रेघांनी चित्र असलेली, थडग्यावर ठेवण्याची सडपातळ तेलकुपी (साधारण इ.स.पू. 470 ते 400): अ‍ॅटिका.

दक्षिण इटलीत घडणीचा पुरावा सगळ्यात बोलका आहे. तोंडावरून बादलीच्या कडीसारखा कमानी कान गेलेला घडा कॅम्पानियाचा. उभ्या कानांवर चाकासारख्या चकत्या असतील तर मुख्यतः लुकानिया. हा आकार तिथल्या स्थानिक, बिगर-ग्रीक लोकांच्या भांड्यावरून आला. प्रचंड मोठं, वळणदार कानांचं, कानांच्या वळशात मुखवटे बसवलेलं द्राक्षारस कालवण्याचं पात्र म्हणजे अपुलिया.

तपासा: बैठक किंवा कान नंतर जोडलेला नाही ना? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांमध्ये एका भांड्याचं बूड दुसऱ्याला लागलेलं असतं, आणि सांधे रंगाने झाकलेले असतात. एखाद्या पट्ट्यातला काळा सपाट, चमकहीन वाटला तर तो पट्टा पुराव्यातून वगळा.

## पायरी 5: भरणीची नक्षी

मुख्य चित्रातली माणसं दुसऱ्या गावाकडून उचलता येतात. मोकळ्या जागेत हात आपोआप काय काढतो ते मात्र सवयीचं असतं, आणि ती सवय कार्यशाळेत लागते.

कॉरिंथचा हात जागा मोकळी ठेवत नाही. प्राण्यांच्या रांगा, पोटाच्या खाली, पायांच्या मध्ये, सगळीकडे फुलं. जुन्या भांड्यांवर ही फुलं ठिपक्यांची असतात, आणि सुमारे 625 नंतर भरीव गोळे होतात, ज्यांवर खरवडून पाकळ्या दाखवलेल्या असतात. लॅकोनियात डाळिंबांची माळ येते, ही फार चांगली खूण. रानबोकड-शैलीत चरणाऱ्या बोकडांच्या रांगा, वरून लोंबणारी अर्धी फुलं, दोरीच्या पेडासारखा पट्टा आणि बुडाशी कमळ व कळी आलटून-पालटून. फिकेलुरा भांड्यांवर चंद्रकोरींच्या ओळी. अपुलियात गळ्यावर वेलींच्या जाळीतून वर येणारं बाईचं मस्तक आणि पोटावर पांढऱ्या रंगाने काढलेली छोटी देवळी, तिच्यात मृत व्यक्ती. दक्षिण इटलीतल्याच पेस्टम शहरात वस्त्राच्या काठाला ठिपक्यांची किनार.

रानबोकड-शैलीत आणि इतरत्रही स्वस्तिक दिसेल. आपल्या वाचकांना ते लगेच भारताशी जोडावंसं वाटतं. इथे ते भरणीचं चिन्ह आहे, फुलाच्या शेजारी फुलासारखंच आलेलं. त्यावरून काहीही सिद्ध करू नका.

माशांच्या ताटांवरची एक खूण मला फार आवडते. ताटाच्या मधोमध चटणीसाठी खळगा असतो आणि भोवती मासे. अथेन्सच्या ताटांवर माशांची पोटं काठाकडे वळलेली असतात, दक्षिण इटलीच्या ताटांवर खळग्याकडे. एका नजरेत निकाल.

## पायरी 6: माणसं आणि गोष्ट

आता कागद काढा. इथवर वहीत एक किंवा दोन प्रदेश उरले असतील. चित्राने त्यांतून निवड करायची, नवीन नाव आणायचं नाही.

अथेन्समध्ये एकच प्रसंग पोटभर पसरतो आणि भोवती जागा मोकळी राहते. कॉरिंथमध्ये कुल्ल्यांवर उशा बांधल्यासारखे दिसणारे नाचे येतात, जरी अथेन्सने तेही उचलले. कॅम्पानियात तीन चकत्यांचं चिलखत घातलेले स्थानिक योद्धे जास्त दिसतात. बोइओशियात थीब्जजवळच्या काबेइरोसच्या देवस्थानातले पेले पौराणिक प्रसंग विनोदी, बेढब माणसांनी रंगवतात.

गोष्ट किती निसरडी असते ते बघा. राजा एउरिस्थेउस घाबरून रांजणात लपतो. अथेन्सच्या भांड्यांवर हेराक्लीस त्याच्यावर रानडुक्कर घेऊन येतो. लूव्रमधल्या एका पाण्याच्या घड्यावर तसाच रांजण, तसाच राजा, पण समोर तीन तोंडांचा कुत्रा केर्बेरोस, प्रत्येक डोकं वेगळ्या रंगाचं. हा घडा एत्रुरियातल्या काएरे, म्हणजे आजच्या चेर्वेतेरीचा. पूर्वेकडून तिथे येऊन राहिलेल्या ग्रीक चित्रकारांनी असे घडे रंगवले आणि त्यांतले साधारण 40 आज माहीत आहेत. रांजण बघून अथेन्स म्हणालात तर चुकलात. रंगांची उधळण बघितलीत तर वेळीच थांबाल.

## पायरी 7: अक्षरं

प्रत्येक प्रदेशाची वर्णमाला थोडी वेगळी होती. ग्रीक वाचता येत नसलं तरी आकार ओळखता येतात. कॉरिंथमध्ये ‘ए’ साठी इंग्रजी ‘बी’ सारखं अक्षर येतं, आणि ‘स’ साठी इंग्रजी ‘एम’ सारखं. अ‍ॅटिकामध्ये ‘क्स’ साठी एक अक्षर नव्हतं, दोन लिहीत. अथेन्सचा चित्रकार एक्सेकियास याने आपली सही तशीच केली आहे. खाल्किस या ग्रीक शहराच्या लिपीत त्यासाठी एकच फुलीसारखं अक्षर. पेस्टमचे चित्रकार आस्तेआस आणि पिथोन यांच्या सह्याही सापडतात, आणि दक्षिण इटलीत सही ही दुर्मिळ गोष्ट आहे.

सावधान: अक्षर लिहिणाऱ्याचं गाव सांगतं, भट्टीचं नाही. खाल्किसच्या लिपीतली ‘खाल्किडियन’ भांडी इटलीत सापडतात आणि बहुधा तिथल्याच रेगिऑन या वसाहतीत घडली. रोममधलं प्रसिद्ध ‘कीजी’ भांडं माती-घडणीने कॉरिंथचं, पण त्यावरची अक्षरं कॉरिंथची नाहीत.

## पायरी 8: काळाची चाळणी

उत्तर तयार झालं की या आकड्यांतून गाळा. कॉरिंथची चित्रभांडी (नंतरची थोडी लाल-आकृती सोडून) साधारण इ.स.पू. 720 ते 550. लॅकोनियाच्या वाट्या मुख्यतः 575 ते 525. फिकेलुरा 560 ते 494. त्या वर्षी इराण्यांनी मिलेटस उद्ध्वस्त केलं. अथेन्सची लाल-आकृती सुमारे 525 पासून. दक्षिण इटलीची लाल-आकृती साधारण 440 ते 300. पाटीवर ‘चौथं शतक’ आणि तुमच्या वहीत ‘लॅकोनिया’ असेल तर पायरी 2 वर परत जा, मधूनच दुरुस्ती करू नका.

## एक भांडं, सगळ्या पायऱ्या

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात एक वाटी आहे. आत गोल चित्रात राजा आसनावर बसलाय, वर तराजू, माणसं माल तोलताहेत, आडव्या दांडीवर माकड, आजूबाजूला पक्षी. राजाच्या नावाची अक्षरं: आर्केसिलास. तो आफ्रिकेतल्या किरेनेचा राजा. चित्रापासून सुरुवात केली तर उत्तर किरेने येतं, आणि खरोखरच या प्रकारच्या वाट्यांना बराच काळ किरेनेचं नाव होतं.

आता क्रमाने. सापडली इटलीत, वुल्चीला. पहिला रकाना भरला. गुलाबीसर माती आणि वर साईच्या रंगाचा लेप. ओप काळा, रेघ खरवडलेली, मध्ये जांभळट लाल. उंच दांड्याची वाटी. गोल चित्राला खालून आडवी रेघ मारून तळघरासारखा भाग वेगळा केलाय, तिथे हमाल पोती रचताहेत. ही विभागणीही लॅकोनियाच्या वाट्यांत वारंवार दिसते. अक्षरं लॅकोनियाच्या लिपीतली. काळ सुमारे 565-560, चाळणीत बसतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी 1906 ते 1910 मध्ये स्पार्टातल्या आर्टेमिस ऑर्थियाच्या देवस्थानात उत्खनन केलं तेव्हा अशाच खापरांचा थरावर थर निघाला आणि प्रश्न मिटला.

वहीतली नोंद अशी लिहा, आणि कुठल्या पायऱ्यांवर विसंबलात ते सोबत लिहा, म्हणजे नंतर एखादी पायरी चुकली असं कळलं तर नेमकं काय पुसायचं ते दिसेल:

सापडलं: वुल्ची, एत्रुरिया. घडलं: लॅकोनिया, 565-560. आधार: माती, लेप, घडण, चित्राची विभागणी, अक्षरं. चित्रातला देश: किरेने.